परतीचे तिकीट

परगावी मुक्कामाला असलेल्या माणसाची संध्याकाळ ही एक स्वतंत्र वस्तू असते. दिवस कामाचा असतो आणि तो कोणत्याही गावात सारखाच जातो. दिवेलागण झाली की मात्र माणसाला आपण कोठे आहोत याची जाणीव होते. घरी या वेळी काय चालले असेल, हे त्याला तंतोतंत ठाऊक असते; आणि समोरच्या रस्त्यावर काय चालले आहे, याचा त्याला काहीच अर्थ लागत नसतो. अशा वेळी त्याच्यासारखाच दुसरा परगावचा माणूस भेटला, तर आपल्या गावी ज्याच्याशी दोन शब्द बोलणे झाले नसते, त्याच्याशी तासाभरात घरोबा होतो. प्रवासातील मैत्रीला पूर्वपीठिका लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात परतीचे तिकीट असते आणि त्या तिकिटाच्या भरवशावर प्रत्येक जण थोडा अधिक मोकळा, थोडा अधिक उदार झालेला असतो.

१९९०च्या दशकातील एका चैत्रात आम्ही पाच शिक्षक प्रशिक्षणासाठी तीन आठवडे नागपुरात होतो. मी साताऱ्याचा. इतर चौघे कोल्हापूर, रत्नागिरी, जळगाव आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतले. उतरण्याची सोय उत्तर नागपुरात, इंदोरा आणि जरीपटका या दोन वस्त्यांच्या सीमेवरील एका छोट्या अतिथिगृहात झाली होती. खाली दुकाने आणि वर खोल्या. नागपूर हे आपल्याच राज्यातले, आपलीच भाषा बोलणारे शहर, अशा समजुतीने आम्ही आलो होतो. ही समजूत पहिल्याच दिवशी डळमळली. खानावळीत कोल्हापूरकरांनी सांबार मागितले, तेव्हा वाढप्याने चिरलेल्या कोथिंबिरीची वाटी आणून ठेवली. कारण विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. ‘तो काय करून राहिला?’ या प्रश्नात कोणी कोठे राहण्याचा संबंध नसतो, हे समजायला आणखी एक दिवस गेला. चंद्रपूरचे गुरुजी हे आमच्यातले एकटे वैदर्भीय. त्यांनी आमच्या दुभाष्याचे काम आनंदाने पत्करले. परकेपणा जाणवण्यासाठी देशाची सीमा ओलांडावी लागत नाही, एवढे आम्ही एका कोथिंबिरीच्या वाटीवरून शिकलो.

जरीपटका हा शब्द मराठी माणसाला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. मराठ्यांच्या फौजेपुढे डौलाने चालणारे ते जरीचे निशाण. त्या नावाच्या वस्तीत आपल्याला काय दिसेल याविषयी माझ्या मनात काही अस्फुट चित्र होते. प्रत्यक्षात तेथील दुकानांच्या पाट्यांवर मला सिंधी आडनावे दिसली, सकाळी गाड्यांवर दाल-पकवानाचा घमघमाट आला आणि ओट्यांवर बसलेल्या वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातला एकही शब्द कळला नाही. मराठ्यांच्या निशाणाचे नाव धारण करणारी ही वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी भरली होती.

फाळणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंजाब आणि बंगाल येतात. त्या दोन प्रांतांचे तुकडे झाले. एक तुकडा तरी भारतात राहिला. सिंधची वाटणी झाली नाही. तो प्रांत अखंडपणे पाकिस्तानात गेला आणि तेथील हिंदूंना या बाजूला ‘आपला’ म्हणता येईल असा एकही जिल्हा उरला नाही. सुरुवातीला बरेच जण घरे धरून राहिले होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर निघणाऱ्यांची रीघ लागली. कोणी कराचीहून बोटीने मुंबईला आले, कोणी आगगाडीने राजस्थानात उतरले. दहा लाखांहून अधिक माणसे अशी आली. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत त्यांतील असंख्य कुटुंबांना ठेवण्यात आले. त्याच छावण्यांचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. काही कुटुंबे आणखी आत, त्या वेळच्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात आली. आपल्या राष्ट्रगीतात सिंधचे नाव आहे. नकाशात मात्र ते सीमेपलीकडे आहे.

त्या वर्षी पाडवा आम्हांला परगावीच गाठणार होता. घरी गुढी उभारली गेली असेल, श्रीखंड झाले असेल, अशा बोलण्यात तो दिवस रेंगाळत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या खिडकीतून ढोलाचा आवाज आला. खाली रस्ता माणसांनी भरून गेला होता. चेटीचंडाची मिरवणूक निघाली होती. चेट म्हणजे चैत्र आणि चंड म्हणजे चंद्र. चैत्रातील पहिल्या चंद्रदर्शनाचा हा दिवस सिंधी लोकांचे नववर्ष असतो आणि झूलेलालांचा जन्मदिवसही. आपला पाडवा आणि त्यांचा चेटीचंड ही सख्खी शेजारी असलेली घरे आहेत. बहुधा एका दिवसाचेच अंतर असते.

आम्ही खाली उतरून, प्रवासी उभे राहतात तसे, रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभे राहिलो. अतिथिगृहाच्या खाली कापडाचे दुकान असलेले साठीचे एक गृहस्थ आम्हांला येता-जाता पाहून ओळखू लागले होते. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणत असे, म्हणून आम्हीही दादाच म्हणत होतो. ते गर्दीतून वाट काढत आमच्याजवळ आले आणि अस्सल नागपुरी मराठीत म्हणाले, ‘‘असे उभे काऊन राहून राहिले, गुरुजी? चाला ना संगं!’’ आमचे कोल्हापूरकर त्या भाषेकडे क्षणभर पाहतच राहिले. सिंधमध्ये जन्मलेला माणूस येथे घरचा होता आणि महाराष्ट्रात जन्मलेले आम्ही चौघे पाहुणे होतो.

मग आम्ही ‘संगं’ गेलो. त्या रात्रीचे वर्णन क्रमाने करणे कठीण आहे, कारण ती क्रमाने घडलीच नाही. ढोल आणि शहनाईच्या तालावर पुरुष गोल धरून छेज नावाचा नाच खेळत होते. हातांत छोट्या काठ्या होत्या. रत्नागिरीकर गुरुजी गावाकडे शिमग्यात नाचणारे. त्यांना दोन फेऱ्यांत ताल सापडला आणि तिसऱ्या फेरीला ते त्या वर्तुळात दिसेनासे झाले. जागोजाग सरबताचे पिंप मांडले होते. केशरी रंगाचा गोड भात, ज्याला ताहिरी म्हणतात, पानांच्या द्रोणांत वाटला जात होता. कोणीही भेटले की ‘आयोलाल’ म्हणत होते आणि समोरचा ‘झूलेलाल’ म्हणून उत्तर देत होता. जळगावकरांना हे इतके आवडले, की ते दिसेल त्याला अभिवादन करत सुटले आणि प्रत्येकाने त्यांना उत्तर दिले. कोणी कोणाचे गाव विचारले नाही. एका ठिकाणी इंदोऱ्यातील तरुणांनी पाण्याचे माठ मांडले होते. मिरवणुकीतील माणसे थांबून पाणी पीत होती आणि पुढे जात होती.

मिरवणुकीच्या मध्यभागी बहिराणा होता. एका थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे, कलश आणि त्यावर नारळ, अशी ती मांडणी असते. तो दिवा शेवटी पाण्यात सोडायचा असतो. झूलेलाल हे मूळचे सिंधू नदीचे दैवत. चित्रांत ते माशावर बसलेले दिसतात. हा सण नदीचा आहे, आणि ज्या नदीचा आहे ती सणाबरोबर येऊ शकलेली नाही. नागपूरला नाव देणारी नाग नदी आणि उत्तर नागपुरातून वाहणारी पिवळी नदी या दोन्ही आज ओळखू येऊ नयेत अशा स्थितीत आहेत. दादा म्हणाले, ‘‘जिथं पाणी, तिथं दरिया. लाल साईं पाण्यात हाये, नावात नाही.’’ नंतर प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी पदराचे टोक आणि पुरुषांनी रुमाल पुढे पसरले. याला ते पल्लव म्हणतात. आपल्या भाषेतला ‘पदर पसरणे’ हा वाक्प्रचार मी वर्गात अनेकदा समजावून सांगितला होता. शेकडो माणसे एकाच वेळी तो अक्षरशः आचरणात आणताना मी त्या रात्री प्रथम पाहिली.

रात्री दहाच्या सुमारास दादांनी आम्हांला घरी नेले. सिंधी घरात पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड येतो. उन्हाच्या मुलखातला तो शहाणा रिवाज नागपूरच्या चैत्राला चांगलाच शोभतो. दादांची अकरावीत शिकणारी नात पापडांची ताटली घेऊन आली. तिचे बोलणे हिंदीत, शाळेत घेतलेली मराठीही चांगली. आजोबांचे सिंधी तिला कळत होते, पण ती उत्तर हिंदीत देत होती. एकाच घरात दोघांचे दोन भाषांमधून चाललेले ते संभाषण कोणालाही अडखळल्यासारखे वाटत नव्हते.

बोलता बोलता दादांनी आतून एक पत्र्याची लहान पेटी आणली. आईने सिंधमधून आणलेल्या थोड्या वस्तूंपैकी ती एक होती. तिच्यात पत्रे होती. दादांचे घर हैदराबादचे. दख्खनचे नव्हे, सिंधमधले. त्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभर दुकाने थाटली होती. सिंगापूर, इजिप्त, माल्टा, पनामा, जपान असा त्यांचा पसारा होता. दुकानांतील नोकर ठरावीक वर्षांच्या करारावर जात, बायकामुले घरी ठेवत आणि करार संपला की परत येत. दादांचे काका असेच जपानमधील कोबे बंदरात रेशमी कापडाच्या दुकानात होते. पेटीतील बहुतेक पत्रे त्यांची.

त्यांतले एक पत्र दादांनी उलगडले. त्यांनी आधी ते सिंधीत मोठ्याने वाचले आणि मग आम्हांला मराठीत सांगितले. तेही चेटीचंडाचे पत्र होते. कोबेतील निरनिराळ्या दुकानांत काम करणारी सिंधी मुले त्या रात्री एका खोलीत जमली होती. सिंधू नव्हती, म्हणून ती बंदरावर गेली आणि कणकेचा दिवा त्यांनी समुद्रात सोडला. धक्क्यावरचे जपानी हमाल काम थांबवून पाहत राहिले. ताहिरी शिजवायला घेतली, पण जपानचा तांदूळ आखूड आणि चिकट. तिचा असा गोळा झाला की सुरीने वड्या पाडून वाटावी लागली. सगळे पोट धरून हसले. मध्यरात्रीपर्यंत गाणी झाली. मग कोणीतरी घराचा विषय काढला आणि खोली एकदम गप्प झाली. प्रत्येकाने आपापल्या कराराचे किती महिने उरले ते सांगितले. पत्राच्या शेवटी काकांनी आपली परत येण्याची तारीख लिहिली होती.

दादांनी पत्राची घडी घातली. ‘‘काकाच्या चिठ्ठीत खाली वापस यायची तारीख हाये,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या बापानं कल्याणच्या छावणीतून लिहिलेल्या एकाही चिठ्ठीत तशी तारीख नाही.’’

पाचांपैकी कोणालाही यावर बोलण्यासारखे काही सुचले नाही. आमच्या परतीच्या तिकिटांचे आरक्षण झालेले होते. काकांची कोबेतील रात्र आणि आमची नागपुरातील रात्र यांची जात एकच होती. दोन्हींतला मोकळेपणा खरा होता, आणि तो घराच्या भरवशावर उभा होता. दादा बारा वर्षांचे असताना बोटीत बसले, तेव्हापासून त्यांच्याजवळ तो भरवसा नव्हता. तरीही मघाशी रस्त्यावर सर्वांत आधी हात धरून ओढणारा माणूस तेच होते. ज्यांचे गाव सुटले, त्यांनी सण सोडला नाही, एवढेच म्हणून भागत नाही. सण साजरा करण्याची जागा, त्यासाठी लागणारे पाणी, ढोल वाजवणारा, भात खाणारे शेजारी हे सगळे त्यांना नव्याने जमवावे लागले. आलेल्यांना शरणार्थी, निर्वासित म्हटले जाई, तेव्हा त्यांच्यातील अनेकांना तो शब्द लागत असे; ‘आम्हांला पुरुषार्थी म्हणा’ असा त्यांचा आग्रह असे. त्या रात्री मला तो आग्रह समजला.

चंद्रपूरचे गुरुजी पत्र हातात घेऊन पाहत होते. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची. त्यांनी नातीला विचारले, ‘‘बाई, तुला हे वाचता येतं का?’’ तिने मान हलवली. तिच्या वडिलांनाही येत नव्हते. त्या घरात ती पेटी उघडू शकणारा एकच माणूस उरला होता. गुरुजी म्हणाले, ‘‘मग वही आण. दादा वाचतील, तू लिहून घे.’’

ती वही घेऊन बसली. दुसऱ्याच ओळीला अडली. पत्रात ‘गाव’ या अर्थाचा शब्द होता. तिने ‘गोठ’ असे लिहिले. रत्नागिरीकर म्हणाले, ‘‘आमच्याकडे गोठ हातात घालतात!’’ हशा पिकला. दादांनी तो शब्द पुन्हा उच्चारला. त्यातला ‘ग’ आपला नव्हता. श्वास बाहेर सोडण्याऐवजी आत ओढून केलेला तो ध्वनी होता. सिंधीत असे चार ध्वनी आहेत, ग, ज, ड आणि ब यांच्या जवळचे. सिंधी देवनागरीत लिहिताना या अक्षरांखाली आडवी रेघ देतात. दादांनी तिच्या हातातून पेन घेऊन ‘ग’खाली रेघ ओढली. मुलीने तो ध्वनी काढून पाहिला. तिसऱ्या खेपेला तो बरोबर आला, तेव्हा दादांनी काही न बोलता पुढची ओळ वाचायला घेतली.

चंद्रपूरच्या गुरुजींनी तिला धीर दिला. ‘‘घाबरू नको. आमच्या मराठीतही असंच आहे. दुनिया या अर्थाचं ‘जग’ आणि जगणे या अर्थाचं ‘जग’ आम्ही एकाच अक्षरांनी लिहितो आणि दोन तऱ्हांनी म्हणतो. आम्हांला तर कोणी रेघसुद्धा दिली नाही.’’ लिपी ही भाषेचे घर आहे असे आपण मानतो. त्या वहीकडे पाहताना मला वाटले, लिपीसुद्धा मुक्कामाची जागा असावी. सिंधी भाषेने अशी अनेक ठिकाणे केली आहेत. अरबी वळणाची लिपी, व्यापाऱ्यांची खुदाबादी आणि देवनागरी. एकोणिसाव्या शतकात त्या खुदाबादी लिपीला शाळेसाठी वळण लावण्याच्या कामात नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी शिक्षणाधिकारी पुढे होते आणि कराचीतील एक जुनी शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे एका मराठी माणसाने सिंधी अक्षरांसाठी वही उघडण्याची ती पहिली वेळ नव्हती. भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधीला १९६७ मध्ये स्थान मिळाले. ती कोणत्याही एका राज्याची भाषा नसताना. तिचे राज्य म्हणजे अशा खोल्या आणि अशा वह्या.

एक वाजता आम्ही परत निघालो. रस्त्यावर द्रोण पडले होते, झेंडूच्या पाकळ्या होत्या, एक मुलगा ओट्यावर ढोल उशाला घेऊन झोपला होता. आमच्या खोल्यांच्या पलीकडे इंदोऱ्याची वस्ती होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या धम्माच्या ओढीने जपानहून आलेले भिक्खू भदंत सुरेई ससाई इंदोऱ्याच्या बुद्धविहारात राहिले आणि भारताचे नागरिक झाले. एका गल्लीत कोबेहून आलेली पत्रे आणि शेजारच्या वस्तीत जपानहून आलेला भिक्खू! शहराकडे असे पाहू लागले की स्थानिक कोण आणि परका कोण, याचा हिशेब लागेनासा होतो. खुद्द नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. दादा नागपुरात आल्यापासून हलले नव्हते, तरी तीन राज्यांचे रहिवासी होऊन गेले होते.

झोप येईना, तेव्हा खोलीत मी मनातल्या मनात नकाशा उघडला. नागपूरच्या नद्यांचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. जरीपटक्यातील माणसांनी सोडलेला दिवा वाहत राहिला, तर तो बंगालच्या उपसागराला पोहोचेल. सिंधूचे पाणी अरबी समुद्रात जाते. दिशा अगदी उलट. पण काकांनी आपला दिवा पॅसिफिकच्या पाण्यात सोडला होता आणि त्यालाही ते दरियाच म्हणाले होते.

आठवड्याभरात प्रशिक्षण संपले. स्टेशनवर दादा आले नाहीत, दुकान होते. त्यांनी नातीबरोबर प्रत्येकासाठी लोणच्याची बाटली पाठवली. पाचही जण आपापल्या गाडीने आपापल्या घरी गेलो. प्रवासातील ओळखी जशा संपतात तशा आमच्याही हळूहळू संपल्या. चंद्रपूरच्या गुरुजींचे एक पोस्टकार्ड मात्र दिवाळीच्या आसपास मला आले. त्यात त्यांनी कळवले होते, की नागपूरच्या मुलीचे पत्र आले आहे. पेटीतील एकोणीस पत्रांपैकी चौदा उतरवून झाली, पाच राहिली आहेत, आणि आजोबा हल्ली रोज दुकान थोडे लवकर बंद करतात.